चालत आलेला चुडा

बोरदऱ्यात नकुशीच्या घरी नवरीचा चुडा चाकावर येत नाही, पायांनी येतो. डोंगर चढून, खिंडीत घटकाभर टेकून, पलीकडच्या खोऱ्यात उतरून येतो. फार मागं कुणा खापरपणजीच्या लग्नात चुड्याची बैलगाडी घाटात उलटली, बांगड्यांचा चुरा झाला आणि नवरी मोकळ्या हातांनी हळदीला बसली, एवढं लोक सांगतात. त्या नवरीचं पुढं काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही. तेव्हापासून नवरी घरची लेक असो की येणारी सून, बोरदऱ्यातून घरचा एक वडीलधारा डोंगर ओलांडून केडगावला येतो, मणेरणीच्या, म्हणजे चुडा भरणारीच्या, उंबऱ्यावर सुपारी ठेवतो, रात्री तिथंच जेवतो, निजतो आणि पहाटे तिला सोबत घेऊन माघारी निघतो. चुड्याचं ओझं मणेरणीच्याच पाठीवर. वाटेत दुसऱ्यानं त्याला बोट लावायचं नाही.

यंदा ती सुपारी घेऊन मारुतराव आले होते. नकुशीचे चुलतसासरे. वय सत्तरीपलीकडं, पण पाय अजून बाभळीच्या खुंटासारखे. त्यांनी सुपारी उंबऱ्यावर ठेवली आणि सबिना मणेरीण तिच्याकडं बघतच राहिली.

कारण गेल्या कित्येक महिन्यांत तिच्या उंबऱ्यावर लग्नाची सुपारी पडलीच नव्हती. पावसाळ्यात स्कूटरवरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठ्यातला रेटा गेला तो गेलाच. दिवाळीनंतर एका नवरीच्या हातात तिच्याकडून बांगडी तुटली. बायका अशा वेळी ‘वाढली’ म्हणतात, फुटली म्हणत नाहीत. पण त्या दिवशी गर्दीतून एकजण सरळ म्हणाली, “फुटली.” मग चुडा भरायला येणाऱ्या बायका दुकानात शिरल्या की सबिनाला रामराम घालायच्या आणि हात पुढं करायच्या तिच्या सुनेकडं, लुबनाकडं. लुबना बिचारी खाली मान घालून भरायची. वडिलांकडून, पाशाभाईंकडून उचललेलं काम, सारा जन्म ज्यावर उभा केला ते काम, असं डोळ्यांदेखत शेजारच्या पाटावर सरकलं होतं.

“आबा,” सबिना म्हणाली, “माझ्या हाताचं कळलंय न्हवं तुमच्याकडं?”

“कळलंय की. डोंगर मदी हाय म्हणून काय आमी बहिरं हाय का?” मारुतराव तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. “नकुशीनं कळूनच धाडलंय मला. म्हणली, माझ्या शितलचा चुडा सबिनाच भरंल. आता जेवाय घाल, का सुपारी परत नेऊ?”

सबिनाचा मुलगा अझरुद्दीन सणसवाडीच्या कंपनीतून नुकताच आला होता. तो म्हणाला, “आबा, उद्या मी सुट्टी टाकतो. बाइकवर घेऊन जातो अम्मीला. तासाभराचं काम. कुणाला कळतंय?”

“डोंगराला कळतंय,” मारुतराव म्हणाले. “तू कंपनीत इस्क्रू पिळ बाबा. रीत आमच्याकडं राहू दे.”

रात्री लुबनानं करंडी भरली. खाली गव्हाचा भुसा, वर जुन्या सुती साडीत गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्यांच्या माळा. “अम्मी, मापाचा दोरा आला न्हाई त्यांच्याकडनं. एक माप मोठ्या, दोन-सहाच्या बी थोड्या टाकू का?”

“शितलचा हात मी अंधारात ओळखीन,” सबिना म्हणाली. “लहानपणापासून भरतीय. दोन-चार. जास्तीचं ओझं कशाला?”

पहाटे निघताना लुबनानं करंडी तिच्या पाठीला ओढणीनं घट्ट बांधली, मग तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि अंगठा हळूहळू मागं-पुढं वाकवला. रोज सकाळी ती हे करायची. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम सबिना विसरायची, लुबना विसरायची नाही. सबिनाच्या मनात आलं, पोटची लेक असती तर हिच्याहून काय वेगळं केलं असतं? पण असलं तोंडावर बोलायची या घरात पद्धत नव्हती. ती एवढंच म्हणाली, “दुकान वेळेवर उघड.”

महामार्गाशी पोचले तेव्हा फटफटत होतं. पाटसच्या कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते, दोन-दोन ट्रॉल्या डुलवत. त्यात मोठाले ट्रक. मारुतरावांनी काठी वर धरली आणि कुणा मंत्र्याच्या मिरवणुकीला वाट करून द्यावी तसे रस्त्यात शिरले.

“ए, थांब! नवरीचा चुडा चाललाय!”

ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. “क्या हुआ चाचा? मरना है क्या?”

“शादी की चूड़ी है रे! लगीन! लगीन!”

ड्रायव्हरनं सबिनाच्या पाठीवरची करंडी पाहिली. त्याच्या गावाकडंही अशी काही रीत असावी. त्यानं हसून हात जोडले, इंजिन बंद केलं, आणि मागच्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली तेव्हा उलट त्यांच्यावरच खेकसला. सबिना रस्ता ओलांडून गेली. आपल्या आयुष्यात कुणी ट्रक थांबवला होता का कधी? आज थांबला. हात कसाही असो, पाठीवरची चीज मोठी होती.

पुढं कांद्याचे वाफे, शेवंतीचे मळे, पाटाच्या पाण्याचा गार वास. मग मुरमाची वाट लागली, मळे मागं राहिले आणि वनखात्याचं रान सुरू झालं. पाणी अडवायला खणलेल्या चरांच्या कडेकडेनं निंब, खैर, हिवर दाटले होते. गिरिपुष्पाच्या झाडांवर पान नव्हतं, नुसता फिकट गुलाबी फुलोरा. मधूनच पळस असा पेटलेला, की मारुतराव म्हणाले, “बघ, आपल्या आदी ह्यालाच हळद लागलीय.”

चढ लागला तशी वाट अरुंद झाली. बोरीच्या काट्यांत पदर अडकायचा, सबिना थांबून सोडवायची. डावीकडच्या झाडीतून दोन चिंकारा टकमका बघत होते. माणसाचा वास येताच उडाले आणि उतारावर खडे घरंगळत राहिले. एक होला कुठंतरी घुमत होता. सबिनाला आपला श्वास ऐकू येत होता आणि त्याखाली, भुशाच्या आत, काचेला काच लागल्याची अगदी बारीक किणकिण. पाशाभाई म्हणायचे, चुडा बोलतोय तोवर चाल. गप झाला की थांबून बघ.

“पोरी,” मारुतराव पुढून म्हणाले, “येक सांगायचं राह्यलंय.”

“सांगा की आबा.”

“शेवंता हाय न्हवं, नकुशीची जाऊ? तिला तुझ्या हाताचा भरोसा वाटंना. तिनं सासवडहून भिमाजी कासाराला बोलवून ठेवलंय. म्हणली, सबिनाला भरू द्या, पण येक जरी वाढली, तर तिथंच उठायचं आन् भिमाजीनं बसायचं. नकुशी लई भांडली. पण घरात चार तोंडं असत्यात.”

सबिनानं पाठीवरची ओढणी आवळली. पाय चालत राहिले. एका बांगडीवर सगळं टांगलं होतं तर. आज एक तुटली की बोरदऱ्याचा उंबराही गेला, आणि हा उंबरा गेला की बाकीच्यांनी तिला विचारायचं कारणच उरणार नव्हतं.

“रागावलीस?”

“न्हाई आबा. आदी सांगितलंत, बरं केलंत.”

“म्हाताऱ्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत न्हाई,” मारुतराव म्हणाले. “चढाला तर मुळीच न्हाई.”

खिंडीत पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दोन दगडांच्या फटीत शेंदूर फासलेला एक तांदळा, देवीचा गोल दगड, त्यावर उंबराची सावली. तिला नाव नाही. खिंडीतली आई म्हणतात. मारुतरावांनी शेंदूर लावला, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सबिनानं करंडी उतरवली, पहिल्या माळेतल्या दोन बांगड्या काढल्या आणि दगडापुढं मांडल्या. “बिस्मिल्ला,” ती पुटपुटली. पाशाभाईही इथं असंच म्हणायचे. आईनं कधी हरकत घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

भाकरी सोडली. ठेचा, कांदा, लुबनानं दिलेला अंड्याचा पोळा. मारुतराव माळकरी, त्यांनी पोळ्याकडं बघितलं आणि पाठ फिरवून बसले. “खा, खा. म्या काय बघितलं न्हाई.”

एका बाजूला भीमेचं खोरं, उसानं हिरवं, लांब कारखान्याचा धूर. दुसऱ्या बाजूला कऱ्हेचं खोरं, जरा भुरं, मधे अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांचे चौकोन. सबिना पहिल्यांदा इथं बसली तेव्हा पुरती वीस वर्षांचीही नव्हती. पाशाभाई तापानं फणफणले होते आणि चुडा तर पोचायलाच हवा होता; म्हणून लेकीला धाडलं. पलीकडं मांडवात बायकांनी नाकं मुरडली. ही कोवळी पोर काय चुडा भरणार? नवरी होती नकुशी, चौथी मुलगी म्हणून आईबापांनी तसं नाव ठेवलेली, आणि लग्न सासरच्या मांडवात लागत होतं म्हणून नवरीच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. ती नवरीच बोलली. हात पुढं करून म्हणाली, “माझं नावच नकुशी हाय. नको असल्यालीचं मला कळतं. तू भर गं.”

त्या दिवशी एकही वाढली नव्हती. आपलं कसब म्हणून नव्हे, सबिनाला आता वाटलं. त्या हातानं आपल्याला सांभाळून घेतलं म्हणून. आणि आज त्याच बाईनं पुन्हा सुपारी धाडली होती. खिंडीतला वारा तोंडावर घेत ती तशीच बसली. काही मागावं असं वाटेना. इथवर पाय आले, कुणी बोलावलं म्हणून आले, हेच पुष्कळ होतं. शुक्र हाय, ती मनात म्हणाली. पुढचं पुढं.

मारुतराव आपल्या आईची ओवी गुणगुणत होते, बेसूर, पण मनापासून:

“डोंगराच्या आड बाई, माझ्या सयेचं गं गाव,
चुड्याच्या पावलानं पडलं वाटेला या नाव.”

“आबा, सूर लागत न्हाई तुमचा.”

“बायकांची ओवी हाय. गड्याच्या गळ्यात आडकतीच.”

उताराला कसोटी होती. मुरमावर वाळका पालापाचोळा, त्याखाली गोल खडे. अर्ध्या उतारावर सबिनाचा पाय सुटला. ती एका अंगावर कलंडली. पाठीवर पडली असती तर करंडीचा चुरा होता. उजव्या हातानं तिनं समोरची धावड्याची फांदी धरायला पाहिली, पण अंगठा मिटेना, फांदी निसटली. मग कशी कोण जाणे, तिनं फांदीत कोपरच अडकवलं आणि तशीच लोंबकळत गुडघ्यांवर आली. मारुतराव वळले, काठी टाकून धावले, करंडीला हात लावणार तोच थबकले, आणि करंडीऐवजी तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

दोघांचे कान पाठीवर.

सबिना एक पाऊल चालली. किणकिण.

“बोलतोय,” मारुतराव म्हणाले आणि टाकलेली काठी उचलली.

बोरदऱ्यात शिरले तेव्हा दुपार कलली होती. मांडवाबाहेर नकुशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं आधी करंडीवर पाणी ओवाळलं, मग सबिनाच्या पायांवर घातलं. नको नको म्हणेपर्यंत ओतून झालंही. “आलीस,” ती म्हणाली. बाकी काही नाही.

आत पाट मांडला होता. एका कडेला भिमाजी कासार पोह्यांची बशी घेऊन बसले होते, पेटी शेजारी. चेहऱ्यावर पाहुण्यांतल्या पाहुण्याचा अवघडलेपणा. दुसऱ्या कडेला शेवंता, हाताची घडी घालून.

शितल येऊन पाटावर बसली. “मावशी,” म्हणून हसली आणि हात पुढं केला. सबिनानं तो हातात घेतला, बोटं गोळा केली, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला, आणि पुन्हा दाबून पाहिला. हा तो हात नव्हताच.

“काय काम करतीस गं कंपनीत?”

“वायर बसवायची, मावशी. कनेक्टरात. अंगठ्यानं दाबून दाबून. दोन वर्सं झाली.”

दोन वर्षं सणसवाडीत खोली घेऊन राहिलेली पोर. संक्रांतीला बांगड्या भरायलाही सुट्टी मिळाली नव्हती. त्या दोन वर्षांत अंगठ्याचं मूळ घट्ट, रुंद झालं होतं. आणि सबिना दोन-चारच घेऊन आली होती. हात अंधारात ओळखीन म्हणाली होती! हात काय थांबून राहतात होय आपल्या आठवणीसाठी?

शेवंताच्या नजरेतून काही सुटलं नाही. “माप चुकलं न्हवं? भिमाजीदादा, दोन-सहा हाय तुमच्याकडं?”

“हाय की. गाडीच्या डिकीत.”

“चाकावर आलेला चुडा नवरीला चढायचा न्हाई,” दारातून मारुतराव गरजले.

“मग आबा, तुमी पुन्हा डोंगर चढून दोन-सहा आणता? हळद काय परवा लावायची?” शेवंता म्हणाली.

बायका हसल्या. भिमाजी बशी ठेवून पुढं आले, शितलचा हात बघितला, मान हलवली. “खरं सांगू का, बाई? ह्या हाताला दोन-चार मी बी रेटणार न्हाई. फुटंल.”

तो शब्द पडला आणि बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

नकुशीनं चुलीवरून कोमट पाण्याचं पातेलं आणलं, तेलाची वाटी ठेवली आणि लेकीच्या मागं जाऊन बसली. सबिनानं शितलचा हात पाण्यात बुडवला, तेल चोळलं, बराच वेळ चोळत राहिली. मग पहिली बांगडी घेतली. बोटांवरून आली, उंचवट्याशी अडली. तिनं रेटा दिला. अंगठ्यात जोर येईना. काचेतून करकर असा आवाज आला, आणि ती थांबली. बांगडी मागं घेतली.

जन्मभर तिनं बांगडी ढकलली होती. नवरीचा हात सैल सोडायचा आणि मणेरणीनं ढकलायचं, हेच काम. ढकलणं आता तिच्यात नव्हतं. काय होतं? ती आपल्या हाताकडं बघत राहिली. धरणं होतं.

तिनं बांगडी दोन्ही हातांच्या बोटांत धरली, कोपरं मांडीवर टेकवली, आणि चौकट धरावी तशी ती घट्ट केली.

“शितल, मी ढकलत न्हाई. बांगडी जागची हलणार न्हाई. तू ये.”

“मी? म्हंजी कशी?”

“अंगठा करंगळीखाली घे. श्वास सोडत ये. दुखलं तर थांब, माघारी जाऊ नको. तुझा हात तुला ठावं, मला न्हाई.”

“नवरीनं सोताच घालायच्या?” शेवंता म्हणाली. “असं कुठं असतंय?”

“असू दे की गं,” नकुशी म्हणाली.

शितलनं डोळे मिटले. हात पुढं आला, अडला, थांबला. उंचवट्यावरची कातडी पांढरी पडली. सबिनाला काचेतून तिची नाडी लागत होती. कुठं दाबावं, कुठं सैल सोडावं हे त्या अंगठ्याला दोन वर्षं दाबून दाबून कळलं होतं. तो आत वळला, चपटा झाला, आणि बांगडी एकदम मनगटावर घरंगळली. भिमाजींनी “वा!” केलं आणि आपलंच तोंड दाबलं.

मग दुसरी. मग तिसरी. नकुशीनं ओवी धरली, हलक्या आवाजात:

“हिरव्या चुड्यापायी डोंगर चालून आली,
हाती हात देते बाई, मणेरीण माझी मावली.”

डावा हात भरला. उजवा त्याहून अवघड. दर बांगडीला पाणी, तेल, थांबणं. मारुतराव दारातून हलले नाहीत. उन्हं मांडवाच्या पाल्यातून तिरकी आली, हळदीची वाटी तयार होऊन वाट बघत राहिली, कुणी घाई केली नाही. शेवटची बांगडी बसली तेव्हा शितलनं दोन्ही हात उचलून हलवले, आणि सगळ्या मांडवानं तो आवाज ऐकला.

“अख्खा हाय,” भिमाजी म्हणाले. “बाई, अशी रीत कुठं शिकलात?”

“आत्ताच,” सबिना म्हणाली. ते खरंच होतं.

शितल पाया पडली, हळदीला गेली. बायका उठू लागल्या. शेवंता उठली नाही. जरा वेळानं ती सरकत पाटाजवळ आली, भिमाजींना म्हणाली, “दादा, तुमची पेटी उघडा. आमाला चाकावरच्या चालत्यात.” आणि हात पुढं केला सबिनापुढं.

“माल माझा, हात त्यांचा?” भिमाजी हसले. पण पेटी उघडून त्यांनी ती सबिनाकडं सरकवली.

सबिनानं शेवंताचा हात घेतला. कांदा काढून काढून राकट झालेला, भेगाळलेला. तिनं बांगडी धरली. शेवंता शितलसारखी हळू येणारी बाई नव्हती. तिनं एकदम हात घातला, आणि काच कट्‌कन तुटली.

सबिना तुकड्यांकडं बघत राहिली. शेवंतानं मनगटावरचा रक्ताचा ठिपका बघितला, तोंडात धरून चोखला.

“वाढली गं,” ती म्हणाली. “माझीच घाई. बघत काय बसलीस? दुसरी घे. आन् ह्या बारीला माप बघून घे.”

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या, नकुशी तर डोळे पुसत. सबिनानं काचेचे तुकडे पदरात गोळा केले, पेटीतून मोठ्या मापाची बांगडी काढली आणि तो राकट हात पुन्हा हातात घेतला. शेवंताच्या मागं आणखी हात येऊन थांबले होते.